शाळकरी मुलांसाठी एमआयटीचे रेषीय बीजगणित : एका विनामूल्य अभ्यासक्रमाचे परीक्षण

ज्या मुलाचे दहावीचे गणिताचे पुस्तक दिवाळीपूर्वीच संपलेले असते आणि ज्याच्या वहीत कोणी न विचारलेले प्रश्नही सापडतात, अशा मुलाला पुढे काय द्यावे, हा प्रश्न पुण्यातले पालक मला दरवर्षी विचारतात. शहरात त्याचे एकच उत्तर रूढ झाले आहे : आठवी-नववीपासून जेईईच्या फाउंडेशन बॅचला घालावे. हे उत्तर सर्वस्वी चुकीचे नाही, पण त्यातून मुलाला तेच गणित अधिक वेगाने मिळते. अधिक खोल असे फारसे काही मिळत नाही. महाविद्यालयीन पातळीचे शिक्षण घरबसल्या देणारे अभ्यासक्रम आता विनामूल्य उपलब्ध आहेत. माध्यमिक शाळेत गणित शिकवणारी शिक्षिका या नात्याने मी गेली काही वर्षे नववी ते अकरावीच्या निवडक विद्यार्थ्यांबरोबर त्यांतला एक अभ्यासक्रम सातत्याने वापरते आहे. तो म्हणजे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या, अर्थात एमआयटीच्या, ‘ओपनकोर्सवेअर’ या संकेतस्थळावरील प्रा. गिल्बर्ट स्ट्रँग यांचा रेषीय बीजगणिताचा, म्हणजे अनेक रेषीय समीकरणे एकत्र सोडवण्याच्या गणिताचा, अभ्यासक्रम, क्रमांक १८.०६. त्याचे हे परीक्षण मुख्यतः पालकांसाठी आणि माझ्यासारख्या शाळेतल्या शिक्षकांसाठी आहे.

एमआयटीने आपल्या वर्गांतले अध्यापनसाहित्य जगाला खुले करण्याचा निर्णय २००१ मध्ये जाहीर केला आणि २००२ मध्ये ५० अभ्यासक्रम प्रायोगिक स्वरूपात प्रसिद्ध केले. आज तेथे अडीच हजारांहून अधिक अभ्यासक्रम आहेत. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, शुल्क नाही, वयाची अट नाही आणि प्रवेशाची अंतिम तारीखही नाही. १८.०६ ची व्याख्याने १९९९ मध्ये प्रत्यक्ष वर्गात चित्रित झाली. त्यामुळे चित्र जुने वाटते, पण फळा स्पष्ट वाचता येतो आणि प्राध्यापकांचा आवाज नीट ऐकू येतो, यापेक्षा अधिक काही या विषयाला लागत नाही. प्रा. स्ट्रँग २०२३ मध्ये अध्यापनातून निवृत्त झाले. व्याख्याने मात्र आजही तितकीच उपयोगाची आहेत. संकेतस्थळावर या अभ्यासक्रमाच्या एकाहून अधिक आवृत्त्या आहेत, हे पालकांनी आधी लक्षात घ्यावे. स्वतः अभ्यास करणाऱ्यासाठी २०११ मध्ये तयार केलेली ‘स्कॉलर’ आवृत्ती, म्हणजे १८.०६ एससी, घ्यावी. तिच्यात प्रत्येक व्याख्यानासोबत सारांशाचे टिपण, काही उदाहरणे, त्यांची उत्तरे आणि एमआयटीच्या साहाय्यक अध्यापकाने एखादे उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवलेली लहानशी चित्रफीत असते. ती चित्रफीत सुरू होताच अध्यापक उदाहरण मांडतो, ‘आता थांबवा आणि स्वतः करून पाहा’ असे सांगतो आणि मगच उत्तराकडे वळतो. संपूर्ण अभ्यासक्रम तीन विभागांत आहे, प्रत्येक विभागाच्या शेवटी उत्तरांसह एक परीक्षा आहे आणि सर्वांत शेवटी अंतिम परीक्षा आहे.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याला नेमका हाच अभ्यासक्रम का द्यावा, याचे कारण दहावीच्या पुस्तकातच आहे. २०१८ पासून वापरात असलेल्या ‘गणित भाग १’ चे पहिले प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आहे. त्यात मुले आलेख काढतात, लोपाच्या पद्धतीने उत्तर काढतात आणि निश्चयकाचे (सहगुणकांचा तिरका गुणाकार आणि वजाबाकी करून मिळणाऱ्या संख्येचे) सूत्र वापरून क्रेमरच्या पद्धतीनेही तेच उत्तर मिळवतात. म्हणजे निश्चयक ही वस्तू त्यांच्या हाती पंधराव्या-सोळाव्या वर्षी येते, पण केवळ एक कृती म्हणून. निश्चयक असा तिरका गुणाकार करूनच का काढायचा, तो शून्य आला तर नेमके काय घडते आणि तीन किंवा दहा चले असतील तर काय करायचे, हे प्रश्न तेथे खुले राहतात. हुशार मूल ते विचारतेच. वर्गात त्याला ‘पुढच्या वर्षी शिकशील’ असे सांगितले जाते आणि पुढच्या वर्षीही बहुधा आणखी एक सूत्रच पदरी पडते.

स्ट्रँग यांचे पहिले व्याख्यान अगदी याच जागी सुरू होते. फळ्यावर दोनच समीकरणे येतात : २क्ष − य = ० आणि −क्ष + २य = ३. दोन रेषा काढल्या की त्या (१, २) या बिंदूत छेदतात, हे दहावीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्यानंतर मात्र तीच समीकरणे उभी वाचली जातात. क्ष चे सहगुणक एकत्र घेऊन (२, −१) हा एक सदिश (म्हणजे उभी मांडलेली संख्या-जोडी), य चे सहगुणक घेऊन (−१, २) हा दुसरा, आणि प्रश्न असा की या दोघांच्या किती-किती पटी घेतल्या असता बेरीज (०, ३) येईल? पहिल्याची एक पट आणि दुसऱ्याच्या दोन पटी. उत्तर तेच राहते, पण प्रश्नाचा चेहरा पूर्ण बदलतो. लगेच पुढचा प्रश्न येतो : उजव्या बाजूला कोणतीही संख्या-जोडी ठेवली तरी ती या दोन सदिशांतून तयार करता येईल का? आणि तीन चलांत, तीन सदिशांतून अवकाशातला प्रत्येक बिंदू गाठता येईल का? माझ्याबरोबर बसलेल्या नववीतल्या एका विद्यार्थिनीने येथे चित्रफीत थांबवायला सांगितली आणि तिसरा स्तंभ, म्हणजे तिसरा सदिश, पहिल्या दोघांची बेरीज असेल तर तो काहीच नवे देणार नाही, हे स्वतःहून वहीत लिहिले. व्याख्यानात थोड्याच वेळात तेच उदाहरण आले. तिने ते आधी स्वतः शोधले होते, आणि यापलीकडे एखाद्या अभ्यासक्रमाकडून मला फारशी अपेक्षा नसते.

या मांडणीचा क्रम मुद्दाम लक्षात घेण्यासारखा आहे. ज्या निश्चयकापासून आपले पुस्तक सुरुवात करते, तो येथे थेट १८ व्या व्याख्यानात येतो. क्रेमरचा नियम २० व्या. त्याआधी लोपाची पद्धत, सारण्यांचा (मॅट्रिक्सचा, म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेल्या संख्यांचा) गुणाकार, व्यस्त सारणी, स्तंभांचे अवकाश (स्तंभांच्या पटींच्या बेरजेतून जे जे गाठता येते ते सारे), परिमाण आणि लंब प्रक्षेप एवढे सारे निश्चयकाशिवाय उभे केलेले असते. २० चलांची २० समीकरणे लोपाने सोडवायची तर साधारण ३,००० गुणाकार-भागाकार पुरतात. तोच २० ओळींचा एक निश्चयक पूर्ण विस्तार करून काढायचा तर २० च्या क्रमगुणिताइतकी (१ ते २० या संख्यांच्या गुणाकाराइतकी) पदे मांडावी लागतील, म्हणजे सुमारे २४ वर १७ शून्ये. हा हिशेब विद्यार्थ्याकडून करून घेतला की क्रेमरची पद्धत दोन चलांपुरती सोयीची का वाटते आणि संगणक ती का वापरत नाही, हे त्याला सांगावे लागत नाही. निश्चयकाचे खरे काम, म्हणजे सदिशांनी वेढलेल्या समांतरभुज चौकोनाचे क्षेत्रफळ किंवा अवकाशातल्या पेटीचे घनफळ सांगणे, हे जेव्हा २० व्या व्याख्यानात उलगडते, तेव्हा दहावीत पाठ केलेल्या त्या तिरक्या गुणाकाराला पहिल्यांदा अर्थ येतो.

मला स्वतःला सर्वांत मोलाचे वाटते ते १२ वे व्याख्यान. चार शिरोबिंदू आणि पाच कडा असलेले एक जाळे काढायचे, कोणती कड कोठून कोठे जाते हे एका सारणीत नोंदवायचे आणि मग त्या सारणीला आतापर्यंत शिकलेले सगळे प्रश्न विचारायचे. उत्तरांतून विद्युतमंडलांचे किरचॉफचे नियम आपोआप बाहेर पडतात. ओहमचा नियम दहावीपर्यंत झालेला असतो. किरचॉफचे नियम बारावीच्या भौतिकशास्त्रात स्वतंत्र नियम म्हणून येतात. येथे मात्र ते एका सारणीचे आणि तिच्या परिवर्तित (ओळींचे स्तंभ केलेल्या) सारणीचे साधे गुणधर्म ठरतात. शिवाय शिरोबिंदूंच्या संख्येतून कडा वजा करून स्वतंत्र वेटोळी (बंद मार्ग) मिळवली की नेहमी १ येतो, हे ऑयलरचे सूत्रही त्याच हिशेबातून निघते. या जाळ्यात ४ − ५ + २. आमच्या मुलांनी हेच पुण्यातल्या पुलांवर आणि रस्त्यांवर करून पाहिले : डेक्कन, अलका चौक, स्वारगेट आणि शिवाजीनगर अशी ठिकाणे घेऊन त्यांना जोडणाऱ्या वाटा मोजल्या आणि सूत्र टिकते का ते तपासले. एका वर्षीच्या मुलांनी तर एखादा रस्ता बंद झाल्यास सूत्रातली कोणती संख्या बदलते, याचे स्वतंत्र टिपण लिहिले. भूमिती, विद्युत आणि बीजगणित ही तीन वेगळी पुस्तके नाहीत, ही जाणीव शाळेच्या वयात झालेली मला हवी असते आणि या एका व्याख्यानात ती होते.

आता मर्यादांकडे वळते. हा अभ्यासक्रम सरसकट दहावीच्या मुलासाठी नाही, आणि संपूर्ण तर नक्कीच नाही. सुरुवातीची सुमारे २० व्याख्याने केवळ शालेय बीजगणितावर पेलता येतात. २१ व्या व्याख्यानात आयगेन मूल्ये (सारणीने गुणल्यावरही ज्या सदिशांची रेषा बदलत नाही, ते किती पट होतात ती संख्या) येतात आणि तेथे एका परिभ्रमणाच्या उदाहरणात संमिश्र संख्या लागतात. त्या अकरावीत शिकवल्या जातात. २२ वे व्याख्यान पुन्हा आवाक्यात आहे, कारण त्यात फिबोनाची क्रमिकेचे (जिच्यात प्रत्येक पद आधीच्या दोन पदांची बेरीज असते) शंभरावे पद किती मोठे असेल हे सारणीच्या घातांवरून काढले जाते. हीच क्रमिका आपल्याकडे हेमचंद्रांनी बाराव्या शतकात छंदांच्या मात्रा मोजताना मांडली होती, हे मी त्या वेळी आवर्जून सांगते. २३ वे व्याख्यान अवकल समीकरणांचे आहे आणि पुढे फूरिए श्रेढी व बहुचल फलनांची लघुतम मूल्ये येतात. कलनशास्त्र (कॅल्क्युलस) न झालेल्या विद्यार्थ्याला तेथे रेटत नेण्यात अर्थ नाही. त्याने तेथे थांबावे आणि बारावीनंतर परत यावे. दुसरी मर्यादा वेगळ्या प्रकारची आहे. हा अभ्यासक्रम सिद्धतेवर फार भर देत नाही. अनेक गोष्टी उदाहरणातून पटवून दिल्या जातात आणि पुढे जाता येते. ज्या मुलाला ‘हे नेहमीच खरे आहे हे कसे ठरवायचे’ असा प्रश्न पडतो, त्याला मधूनमधून अतृप्त वाटेल. ते अतृप्त वाटणे चांगले आहे, पण त्याला उत्तर देणारे कोणी जवळ असले पाहिजे.

कोणते मूल तयार आहे, हे ठरवण्यासाठी गुणपत्रिकेचा उपयोग होत नाही, कारण दहावीत शंभरपैकी शंभर मिळवणाऱ्या मुलांमध्ये तयारीचा फरक जमीनअस्मानाचा असू शकतो. या बाबतीत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅनली यांची पद्धत मला अजूनही सर्वांत शहाणपणाची वाटते. त्यांनी १९७१ मध्ये गणितात असामान्य गती असलेल्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलांना महाविद्यालयीन प्रवेशासाठीची परीक्षा देऊ केली. स्वतःच्या वयाच्या परीक्षेत अशी सगळी मुले वरच्या कडेला टेकतात. वरच्या वयाच्या परीक्षेत त्यांच्यातला फरक दिसतो. त्यांचा दुसरा आग्रह असा की आधी चाचणी घ्यावी, काय येत नाही ते नेमके शोधावे आणि तेवढेच शिकवावे. एमआयटीच्या अभ्यासक्रमात प्रत्येक विभागाची परीक्षा उत्तरांसह मोकळी ठेवलेली असल्याने ही पद्धत घरातही वापरता येते. मी पहिल्या विभागाची परीक्षा मुलाला सुरुवातीलाच देते. बहुतेक प्रश्न येणार नाहीत, हे त्याला आधीच सांगते. मला पाहायचे असते ते हे, की न येणाऱ्या प्रश्नासमोर ते मूल किती वेळ बसते आणि कागदावर काय करून पाहते. जे मूल दोन-तीन लहान संख्यांची उदाहरणे स्वतः तयार करून चाचपडत राहते, ते तयार आहे. जे मूल सूत्र विचारते, त्याला अजून थोडा काळ शाळेच्याच गणिताच्या स्पर्धांमध्ये रमू द्यावे. त्यात कमीपणा नाही.

या सेवेतली सर्वांत मोठी उणीव एका वाक्यात सांगता येते : मुलाने लिहिलेले येथे कोणीही वाचत नाही. एमआयटीने तसे आश्वासन कधी दिलेलेही नाही. अध्यापकांशी संपर्क, श्रेयांक किंवा प्रमाणपत्र यांपैकी काहीही मिळणार नाही, हे संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलेले आहे. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ही उणीव प्रौढापेक्षा फार गंभीर ठरते. उदाहरणसंचाच्या शेजारीच उत्तरांचा दुवा असतो आणि हुशार मुलाला उत्तर वाचून ‘हे मला आलेच असते’ असे सहज वाटते. त्याहून अवघड बाब अशी की अंतिम उत्तर जुळले तरी विचार चुकलेला असू शकतो. दहावीतून आलेली मुले हमखास लिहितात : ‘निश्चयक शून्य आहे, म्हणून उकल नाही.’ क्ष + य = २ आणि २क्ष + २य = ४ ही समीकरणे घ्या; निश्चयक शून्यच आहे, पण उकली अनंत आहेत. एखाद्या उदाहरणात खरोखरच उकल नसली, तर हे चुकीचे कारण लिहिणाऱ्या मुलाचे उत्तर छापील उत्तराशी तंतोतंत जुळते आणि चूक पक्की होऊन बसते. ती पकडायला वही वाचणारा माणूस लागतो. स्तंभांचे अवकाश म्हणजे काय, हे मुलाला खरेच कळले आहे की तो शब्द केवळ पाठ झाला आहे, हेही त्याची वाक्ये वाचल्याशिवाय कळत नाही.

म्हणून माझी शिफारस बिनशर्त नाही. हा अभ्यासक्रम घ्यायचा असेल तर आधी वाचणारा माणूस शोधावा आणि मगच पहिले व्याख्यान लावावे. आमच्याकडे रीत अशी आहे की उदाहरणसंच झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणायचा, उत्तरांची पाने मोठ्या माणसाकडे ठेवायची, मुलाने आठवड्याची उदाहरणे पूर्ण वाक्यांत कारणांसह लिहून द्यायची आणि वाचणाऱ्याने उत्तर न सांगता फक्त जेथे कारण सुटले आहे तेथे खूण करायची. वाचणारा विद्वान असण्याची गरज नाही. त्याने पदवीपर्यंत गणित केलेले असावे आणि त्याला घाई नसावी. पुण्यात असा माणूस मिळणे इतर शहरांच्या तुलनेत सोपे आहे. पाषाणला आयसर ही विज्ञानशिक्षण आणि संशोधनाची संस्था आहे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा गणित विभाग आहे, आणि तेथे पदव्युत्तर शिक्षण घेणारे विद्यार्थी आठवड्यातून एक तास आनंदाने देतात. लॉ कॉलेज रस्त्याजवळची भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था प्रा. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये स्थापन केली. गणित ऑलिम्पियाडची तयारी करणारी मुले तेथे सिद्धता लिहायला शिकतात. ज्या मुलाला स्ट्रँग यांच्या व्याख्यानांत सिद्धता कमी पडतात, त्याने ती भूक तेथे भागवावी; दोन्ही गोष्टी एकमेकींना पूरक ठरतात असा माझा अनुभव आहे. बुद्धिमान मुलांसाठी वेगळा विचार करण्याची परंपरा या शहरात नवीन नाही. डॉ. अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनीची स्थापना १९६२ मध्येच केली होती. इंटरनेटमुळे आज त्या परंपरेला जगातल्या उत्तम अध्यापकांची साथ मिळू शकते, पण समोर बसून ऐकणाऱ्या आणि वाचणाऱ्या माणसाची जागा त्याने भरून निघत नाही.

पालक हमखास विचारतात की आपल्याच देशातला एनपीटीईएल घ्यावा का. सात आयआयटी आणि बंगळूरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये सुरू केलेला हा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा उपक्रम आज ‘स्वयम्’ या शासकीय मंचावर उपलब्ध आहे आणि त्यात रेषीय बीजगणिताचे उत्तम अभ्यासक्रम आहेत. तेथे आठवड्याच्या स्वाध्यायांना मुदत असते, शंका विचारायला जागा असते आणि साधारण १,००० रुपये शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा देता येते. अंतिम गुणांत स्वाध्यायांचा वाटा २५ टक्के आणि परीक्षेचा ७५ टक्के असतो. ज्या मुलाला तारखेशिवाय काम होत नाही, त्याला ही शिस्त उपयोगी पडते. परंतु तेथील स्वाध्याय बहुतांशी पर्याय निवडण्याचे किंवा संख्या भरण्याचे असतात, त्यामुळे मुलाची लिहिलेली कारणे तेथेही न वाचलेलीच राहतात. दुसरी अडचण वेळापत्रकाची आहे. तेथील सत्रे जानेवारीत आणि जुलैमध्ये सुरू होतात. जानेवारीचे सत्र दहावी-बारावीच्या परीक्षांवर येऊन आदळते. जुलैचे सत्र अकरावीच्या नव्या महाविद्यालयात स्थिरावण्याच्या काळात येते. आणि दहावीनंतरचे ते मोकळे महिने, ज्यांत अकरावीची प्रवेशप्रक्रिया संपायची वाट पाहण्यापलीकडे मुलाला काम नसते, नेमके दोन सत्रांच्या मधल्या फटीत सापडतात. जुन्या सत्रांची व्याख्याने केव्हाही पाहता येतात हे खरे, पण मग मुदत आणि परीक्षा हे त्याचे मुख्य बळच उरत नाही.

संगणकशास्त्राकडे ओढा असलेल्या मुलाला मी हार्वर्डच्या प्रा. डेव्हिड मॅलन यांच्या सीएस५० या संगणकशास्त्राच्या प्रास्ताविक अभ्यासक्रमाकडे पाठवते. तो विनामूल्य करता येतो आणि लिहिलेली आज्ञावली चालते की नाही हे तेथे यंत्र तपासून सांगते. त्यामुळे एकट्याने शिकणाऱ्यासाठी तो गणितापेक्षा बराच सोयीचा आहे.

भाषेबद्दल थोडक्यात. सेमी-इंग्रजी माध्यमातल्या मुलांना स्ट्रँग यांचे इंग्रजी जड जात नाही. ते सावकाश बोलतात, वाक्ये लहान असतात आणि महत्त्वाचे ते सारे फळ्यावर येते. पूर्ण मराठी माध्यमातल्या मुलांना पहिली काही व्याख्याने उपशीर्षके लावून आणि वेग कमी करून दाखवावीत. आमच्या अनुभवात त्यांची अडचण गणिताशी क्वचितच संबंधित असते आणि ती महिन्याभरात मागे पडते. वहीत मात्र त्यांना मराठीत लिहू द्यावे. विचार ज्या भाषेत नीट मांडता येतो त्याच भाषेत कारणे लिहिली जावीत, आणि वाचणाऱ्याने त्याला हरकत घेऊ नये. सर्व साहित्य उतरवून ठेवता येते, त्यामुळे घरी इंटरनेटची सोय बेताची असेल तर शाळेच्या संगणककक्षातून एकदा सगळे पेन ड्राइव्हवर घ्यावे. या बाबतीत शाळांनी पुढाकार घेतला पाहिजे, असे मला मनापासून वाटते, कारण महागड्या क्लासचे शुल्क न परवडणाऱ्या घरातही अशी मुले असतात आणि त्यांच्यापर्यंत हा अभ्यासक्रम अस्तित्वात आहे ही साधी माहितीसुद्धा पोहोचत नाही.

प्रवेशाच्या दृष्टीने याचा उपयोग काय, हेही स्पष्ट सांगायला हवे. जेईई किंवा एमएचटी-सीईटीच्या गुणांत याने थेट भर पडणार नाही आणि दाखवायला प्रमाणपत्रही हाती येणार नाही. माझ्या एका विद्यार्थ्याच्या क्लासमधून तर त्याच्या आई-वडिलांना हे सगळे बंद करण्याचा सल्ला दिला गेला. क्लासच्या वेळापत्रकाकडे पाहिले तर त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेच्या प्रवेशपरीक्षेत किंवा राष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये कारणांसह लिहिलेले उत्तर मागितले जाते, आणि तेथे वर्षभर पूर्ण वाक्यांत गणित लिहिलेल्या मुलाचा हात वेगळा दिसतो. अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलालाही पहिल्या वर्षात सारण्या आणि आयगेन मूल्ये भेटणारच असतात. तरीही केवळ या फायद्यासाठी हा अभ्यासक्रम कोणी मुलावर लादू नये. ज्याला तो नको आहे, त्याचे मूल्य त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांना माझे सांगणे असे की पहिला विभाग दहावीच्या परीक्षेनंतरच्या मोकळ्या काळात घ्यावा आणि आठवड्याला दोनांहून अधिक व्याख्याने पाहू नयेत. उरलेला वेळ लिहिण्यासाठी लागतो. विभागाच्या शेवटी परीक्षा वेळ लावून द्यावी आणि वाचणाऱ्याने ती तपासावी. दुसऱ्या विभागातली निश्चयकापर्यंतची व्याख्याने अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत बसतात, कारण त्या सुमारास महाविद्यालयातही निश्चयक आणि सारण्या चालू असतात किंवा तोंडावर आलेल्या असतात. आयगेन मूल्ये संमिश्र संख्या शिकवून झाल्यावर घ्यावीत. तिसरा विभाग बारावीची परीक्षा होईपर्यंत उघडूच नये. त्यातली २९ व्या व्याख्यानातली विलक्षण मूल्य विघटनाची, म्हणजे सारणी तीन सोप्या सारण्यांत फोडण्याची, पद्धत आणि त्यानंतर ३१ व्या व्याख्यानातले छायाचित्र कमी जागेत साठवण्याचे गणित हे कलनशास्त्र आणि थोडी परिपक्वता घेऊन आलेल्या विद्यार्थ्यालाच खऱ्या अर्थाने उमगते, आणि तोपर्यंत ते तेथेच, तितकेच विनामूल्य असणार आहे.